पीईबी शेड म्हणजे नक्की काय? कोटेशनवर सही करण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले अडखळे आणि चहाचे ब्रेक काढलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.)

आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. कोड नाही, क्लाउड नाही, एआय नाही. आज बोलायचंय लोखंडी शेडबद्दल. हायवेने जाताना दोन्ही बाजूंना ते निळ्या किंवा पांढऱ्या पत्र्याचे मोठमोठे गोडाऊन दिसतात ना, त्यांच्याबद्दल. चाकण, भिवंडी, सिन्नर, शेंद्रा, कुठेही जा, दिसतातच. महिनाभरापूर्वी मोकळी जमीन असते आणि पुढच्या फेरीत बघावं तर तिथे पूर्ण इमारत उभी. यांना पीईबी म्हणतात, म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग.

आता मी सॉफ्टवेअरवाला. बीटेक केलंय, पण कॉम्प्युटरमधलं. मग मला हे कुठून सुचलं? तर माझा मामा निफाड तालुक्यात कांद्याचा व्यापार करतो. त्याला नवीन खळं बांधायचं होतं, साठ बाय एकशेवीस फुटांचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे कांदा जिथे उतरवतात, निवडतात आणि गोण्या भरून गाडीत चढवतात त्या शेडला खळं म्हणतात. मामाने दोन पार्ट्यांकडून कोटेशन मागवलं आणि दोन्ही पीडीएफ मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिल्या. खाली एक ओळ: "तू इंजिनिअर ना, बघ जरा." आपल्याकडे घरच्यांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. शाखा वगैरे कोणी विचारत नाही.

एका कोटेशनमध्ये पत्रा सोडून स्टीलचं वजन चौदा टन होतं. दुसऱ्यात साडेअकरा टन. शेड तीच, माप तेच, उंची तीच. अडीच टनांचा फरक, म्हणजे पैशात अडीच-तीन लाखांचा. मामाचा प्रश्न सरळ होता: "एक जण लुटतोय की दुसरा फसवतोय?" याचं उत्तर शोधायला मी कॉलेजमधल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअर मित्राला धरलं, आयएस कोड वाचायला बसलो आणि दोन आठवडे त्यातच गेले. उत्तर भागाच्या शेवटाकडे येईलच. पण ते कळायला आधी ही इमारत चालते कशी ते कळायला हवं.

नावातलं "प्री" कुठून आलं?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पत्र्याच्या तयार इमारती विकल्या जात होत्या. कॅन्सस सिटीची बटलर ही कंपनी त्यातलं जुनं नाव. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमारास, अमेरिकन नौदलाने क्वॉनसेट हट नावाच्या अर्धगोल पत्र्याच्या शेड हजारोंनी बनवून घेतल्या. सुटे भाग जहाजाने न्यायचे आणि हव्या त्या बेटावर बोल्ट आवळून उभ्या करायच्या. युद्धानंतर हीच कल्पना कारखाने आणि गोदामांकडे आली. १९५६ मध्ये तिथल्या उत्पादकांची संघटनाही झाली, एमबीएमए. हे नाव लक्षात ठेवा, मामाच्या कोटेशनमध्ये ते परत भेटणार आहे.

तर सुरुवातीच्या काळात कंपन्यांकडे ठराविक मापांच्या इमारतींची डिझाईन आधीच करून ठेवलेली असत. इतकी रुंदी, इतकी उंची, कॅटलॉगमधून निवडा. म्हणून "प्री-इंजिनिअर्ड". आज कॅटलॉग जवळपास संपलाय. कॉम्प्युटरमुळे प्रत्येक इमारतीचं डिझाईन वेगळं होतं, अगदी तुमच्या प्लॉटपुरतं. नाव मात्र तेच राहिलं. खरं तर आजची पीईबी रेडीमेड शर्टपेक्षा शिंप्याकडे माप देऊन शिवलेल्या शर्टासारखी जास्त आहे. घट्ट मापाचा. पुढचं सगळं या घट्ट मापाभोवतीच फिरतं.

स्टील कुठे हवं आणि कुठे नको

पाण्याने भरलेली बादली हात सरळ पुढे करून धरा. दुखणार काय? खांदा. बोटांवर वजन आलं तरी खरा ताण खांद्यात येतो, कारण बादली तिथून सगळ्यात लांब आहे. या वाकवणाऱ्या ताणाला इंजिनिअर लोक बेंडिंग मोमेंट म्हणतात.

पीईबीची मुख्य चौकट म्हणजे दोन कॉलम आणि त्यांच्यावर उतरते दोन राफ्टर. या चौकटीत सगळ्यात जास्त वाकवणारा ताण येतो तो कॉलम आणि राफ्टर जिथे भेटतात त्या कोपऱ्यात. त्याला नी म्हणजे गुडघा म्हणतात. कॉलमच्या पायाशी बहुतेक वेळा जोड बिजागरीसारखा धरतात, तिथे हा ताण जवळपास शून्य असतो.

म्हणून पुढच्या वेळी अशा शेडमध्ये गेलात तर कॉलमकडे नीट बघा. खाली अरुंद आणि वर जाताना रुंद होत जातो. आपल्या नेहमीच्या समजुतीच्या बरोबर उलट. आपण लहानपणापासून बघितलेले दगडी खांब, देवळाचे खांब खालीच जाड. इथे वरचा भाग जाड, कारण ताण तिथे आहे. राफ्टरही कोपऱ्यात खोल असतो, पुढे बारीक होतो आणि बऱ्याचदा मधल्या उंच टोकाशी परत थोडा खोल होतो.

जुन्या पद्धतीत काय करायचे? रोलिंग मिलमधून आलेला आय आकाराचा गर्डर घ्यायचा. तो पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत एकाच मापाचा. सगळ्यात जास्त ताणाच्या जागेसाठी जेवढा लागेल तेवढा घ्यावा लागतो, मग बाकीच्या लांबीत तेवढं स्टील नुसतं बसून राहतं. पीईबीवाले गर्डर विकत घेत नाहीत. ते प्लेट कापतात आणि तीन प्लेटा वेल्ड करून आपल्याला हवा तसा निमुळता आय बनवतात. शिवाय प्लेट सहसा जास्त ताकदीची असते: प्रति चौरस मिलिमीटर ३४५ न्यूटन, जिथे साध्या रोल्ड स्टीलची ताकद २५० धरतात. आकारात बचत आणि मालातही बचत.

आमच्या भाषेत सांगायचं तर जुनी पद्धत म्हणजे दिवाळी सेलच्या ट्रॅफिकसाठी घेतलेला मोठा सर्व्हर वर्षभर चालू ठेवणं. पीईबी म्हणजे प्रत्येक सर्व्हिसला मोजून मेमरी देणं. बिल कमी येतं. पण मोजताना जे धरलंच नव्हतं ते आलं, तर द्यायला शिल्लक काही नसतं.

तीन थर

पहिला थर मुख्य चौकटींचा. मामाच्या शेडमध्ये एकशेवीस फूट लांबीत वीस-वीस फुटांवर चौकटी, म्हणजे सहा गाळे आणि सात चौकटी. या गाळ्याला बे म्हणतात.

दुसरा थर म्हणजे चौकटींना जोडणारे आडवे सदस्य. छपरावर असतात त्या पर्लिन, भिंतीवर असतात ते गर्ट. पातळ पत्र्याची पट्टी थंडच वाकवून झेड किंवा सी आकाराच्या बनवतात, जाडी साधारण दीड ते तीन मिलिमीटर. झेड आकाराची गंमत अशी की एक झेड दुसऱ्यात बसतो. म्हणजे राफ्टरवर दोन पर्लिनची टोकं एकमेकांवर चढवून बोल्ट करता येतात. सलग पर्लिनमध्ये जास्त ताण नेमका राफ्टरवरच येतो आणि तिथेच आपोआप दुप्पट जाडी मिळते. वेगळा तुकडा लागत नाही. मला हे एकदम आवडलं.

तिसरा थर पत्र्याचा. बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रणाचा लेप दिलेला पत्रा असतो, त्यावर रंग. इथे एक बारीक गोष्ट. कोटेशनमध्ये "०.५ एमएम पत्रा" लिहिलेलं असतं. हे माप बऱ्याचदा टीसीटी असतं, म्हणजे लेप आणि रंग धरून एकूण जाडी. आतल्या नुसत्या स्टीलची जाडी, तिला बीएमटी म्हणतात, ती त्याहून कमी असते. एक पार्टी टीसीटी सांगते, दुसरी बीएमटी, आणि आपण दोन्ही ०.५ म्हणून सारखेच समजतो. विचारून घ्या.

या तीन थरांशिवाय काही किरकोळ दिसणारे भाग असतात, आणि सगळ्यात जास्त घोळ त्यांच्यातच होतो. एक म्हणजे ब्रेसिंग. काही ठराविक गाळ्यांमध्ये छपराला आणि भिंतीला फुलीसारखे तिरके रॉड लावलेले असतात. चौकट तिच्या स्वतःच्या रुंदीत मजबूत असते, पण लांबीच्या दिशेने ती पत्त्यांसारखी आडवी होऊ शकते. तिला तसं होऊ न देणं हे या फुल्यांचं काम. दुसरा भाग म्हणजे पर्लिनपासून राफ्टरच्या खालच्या पट्टीला जोडणारा छोटासा तिरका अँगल, ज्याला फ्लँज ब्रेस म्हणतात. हातभर लांबीचा तुकडा. पाच-दहा राहिले तर काय बिघडतं, असं वाटतं. काय बिघडतं ते वाऱ्याकडे गेल्यावर कळेल.

ही इमारत पडण्याआधी उडते

आपण घर म्हटलं की वजनाचा विचार करतो. स्लॅबचं वजन, भिंतींचं वजन, सगळं खाली जाणारं. पत्र्याच्या शेडचं गणित उलटं आहे. पत्रा आणि पर्लिन मिळून छपराचं वजन एका चौरस मीटरला जेमतेम दहा किलो भरतं. मग वारा काय करतो बघा.

आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, २०१५ च्या आवृत्तीत, देशाचा वाऱ्याचा नकाशा आहे. नाशिक आणि पुण्याला मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरला ४४, चेन्नई आणि भुवनेश्वरला ५०. हा रोजचा वारा नाही. साधारण पन्नास वर्षांतून एकदा येईल असा तीन सेकंदांचा झोत. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ३९ ला ते ९१३ येतं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. ४४ ला ११८ किलो. ५० ला १५३ किलो. वेग ३९ वरून ४४ झाला म्हणजे जेमतेम तेरा टक्के वाढला, पण दाब सत्तावीस टक्क्यांनी वाढला. वर्ग आहे ना. म्हणून नाशिकच्या शेडचं ड्रॉइंग घेऊन तीच शेड मुंबईत उभी करता येत नाही. जमिनीचा उंचसखलपणा, आजूबाजूच्या इमारती, शेडची उंची यांचे गुणक वेगळे असतात. मी इथे ढोबळ आकडे घेतोय.

आता या दाबाची दिशा. वारा कमी उताराच्या छपरावरून जाताना ते खाली दाबत नाही, वर ओढतो. मामाच्या शेडसारख्या मापाला, वारा आडव्या बाजूने आला तर वाऱ्याकडच्या अर्ध्या छपरावर ही ओढ मूळ दाबाच्या साधारण ०.९ पट येते. आणि त्यात आतला दाब मिळवायचा. छत्री उलटी होते तेव्हा काय होतं? वारा आतून शिरतो. शेडचंही तसंच. भिंतीत उघडी जागा किती, यावर आतला दाब ठरतो. कोडमध्ये तीन पायऱ्या आहेत: भिंतीच्या क्षेत्रफळाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी उघडं असेल तर ०.२, पाच ते वीस टक्के असेल तर ०.५, आणि वीस टक्क्यांच्या वर असेल तर ०.७.

बेरीज करा. बंद शेड: ०.९ अधिक ०.२ म्हणजे १.१. गुणिले ९३, म्हणजे चौरस मीटरला १०२ किलोची वर जाणारी ओढ. उघडी शेड: ०.९ अधिक ०.७ म्हणजे १.६. म्हणजे जवळपास १४९ किलो. छपराचं स्वतःचं वजन दहा किलो! इथे फाउंडेशनच्या काँक्रीटचं एक मोठं काम शेडला खाली धरून ठेवण्याचं असतं, नांगरासारखं. दुसरं काम म्हणजे कॉलमचे पाय बाहेर सरकू न देणं, कारण अशी चौकट वजन आलं की पाय फाकवायला बघते.

आणि तो हातभर अँगल आठवतो? नेहमीच्या वजनाने राफ्टरच्या बऱ्याच लांबीत वरची पट्टी दाबली जाते. तिला पर्लिननी जागोजागी धरलेलं असतं, त्यामुळे ती बाजूला वळत नाही. वारा उचलायला लागला की ताण उलटा होतो आणि खालची पट्टी दाबली जाते. तिला धरायला तो अँगल सोडून दुसरं कोणी नसतं. डिझाईन करताना तो आहे असं धरलेलं असतं. लावलाच नाही, तर कागदावरची ताकद जागेवर येतच नाही.

मग अडीच टन गेले कुठे?

आता मामाच्या कोटेशनकडे येऊ. दोन्ही पार्ट्यांकडून आम्ही डिझाईन बेसिसचं पान मागितलं. हे एक-दोन पानांचंच असतं: कुठला कोड धरला, कुठली वजनं धरली, वारा किती धरला. पहिल्या पार्टीने लगेच दिलं. दुसऱ्याकडून यायला तीन फोन लागले, पण आलं. शेजारी शेजारी ठेवल्यावर आमच्या कामाची तीन ओळींतली तफावत दिसली.

पहिली ओळ, छपरावरचं लाइव्ह लोड. म्हणजे दुरुस्तीला माणसं चढतील, सामान ठेवतील, त्याचं वजन. आपल्या आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात कमी उताराच्या, जिथे नेहमीची ये-जा नाही अशा छपराला चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन धरायला सांगितलंय, म्हणजे साधारण ७५ किलो. जड कोटेशनमध्ये तेच होतं. हलक्यात ०.५७ होतं आणि शेजारी लिहिलेलं "एमबीएमएप्रमाणे". अमेरिकन पद्धतीत मोठ्या क्षेत्राचा भार उचलणाऱ्या चौकटीला इतकं कमी करायची मुभा आहे. आपल्याकडे पीईबीचं तंत्र तिकडून आलं, त्यामुळे ही पद्धतही सोबत आली.

दुसरी ओळ, कोलॅटरल लोड. छपराला पुढे लटकणाऱ्या गोष्टींचं वजन: पंखे, लाइट, पाईप, सोलर. जड कोटेशनमध्ये चौरस मीटरला पंधरा किलो धरलेले. हलक्यात शून्य. आणि मामाचा दोन वर्षांत सोलर बसवायचा विचार आहे, हे त्याने पहिल्या पार्टीला चहा पिताना सांगितलं होतं. दुसऱ्याला सांगितलंच नव्हतं. सोलर पॅनेल आणि त्याचा सांगाडा मिळून साधारण बारा ते पंधरा किलो होतात.

तिसरी ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. उघडी जागा. हलक्या कोटेशनमध्ये शेड "बंद" धरलेली, आतला दाब ०.२. पण हे कांद्याचं खळं आहे! कांद्याला वारा लागतो, नाहीतर सडतो. एक लांब बाजू जवळपास अर्धी उघडी राहणार, तिथे ट्रॅक्टर लागणार, दुसऱ्या बाजूने ट्रक भरणार. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा भरात असतो, आणि आमच्याकडे वळवाचं वादळ येतं तेही तेव्हाच. म्हणजे शेड सगळ्यात जास्त उघडी असते नेमक्या त्याच दिवसांत वारा सगळ्यात वाईट असतो. अशा शेडला "बंद" धरून कसं चालेल?

मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे दुसरा फसवतच होता की." मला तसं वाटलं नाही, आणि माझ्या मित्रालाही नाही. त्याला जेवढं सांगितलं, तेवढ्याचा त्याने भाव दिला. साठ बाय एकशेवीसचं बंद गोडाऊन, वर काही लटकणार नाही, अशी इमारत साडेअकरा टनांत त्याच्या हिशोबाने बसत असेल. फक्त ती इमारत मामाला नको होती. आपण शेड मापावर मागतो. पीईबी मात्र वापरावर बनते. मापात न मावणारी माहिती दिली नाही, तर समोरचा ती सगळ्यात स्वस्त बाजूने धरतो. टेंडरच्या धंद्यात तसंच होणार.

आम्ही दोघांनाही एकच पान लिहून दिलं. आयएस कोड, लाइव्ह लोड ०.७५, कोलॅटरल पंधरा किलो, वारा ३९, एक बाजू उघडी. दुसऱ्या पार्टीचं नवं वजन आलं साडेतेरा टन. पहिल्याचंही पाव टन वाढलं, कारण उघडी बाजू त्यांनीही पूर्ण धरली नव्हती. अडीच टनांचा फरक पाऊण टनावर आला. आणि आता तुलना खरी होती.

कारखाना आणि जागा

या इमारती इतक्या लवकर उभ्या राहतात कारण दोन कामं एकाच वेळी चालतात. इकडे जागेवर फाउंडेशन, तिकडे कारखान्यात प्लेट कापणं, मशिनने वेल्डिंग, रंग, भोकं पाडणं. जागेवर फक्त बोल्ट आवळायचे. पण यात एक अट लपलेली आहे: दोन्ही ठिकाणची मापं जुळली पाहिजेत. काँक्रीटमध्ये रोवलेले अँकर बोल्ट आणि कारखान्यातून येणाऱ्या बेस प्लेटची भोकं. काही मिलिमीटर इकडे-तिकडे झालं की कॉलम बसत नाही. मग कोणीतरी गॅस कटर काढतो आणि भोक मोठं करतो. म्हणून काँक्रीट टाकण्याआधी बोल्ट टेम्प्लेटमध्ये घट्ट धरून तिरप्या मापासकट सगळी मापं तपासायची. काँक्रीट ओलं आहे तोवर दुरुस्ती फुकट आहे, नंतर ती महाग होते.

उभारणीतला सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे चौकटी उभ्या आहेत आणि ब्रेसिंग अजून लागलेलं नाही तो. रीत अशी की आधी ब्रेसिंगचा गाळा पूर्ण करायचा: दोन चौकटी, मधल्या पर्लिन, फुल्या, सगळं आवळून. मग त्याला धरून पुढच्या चौकटी जोडत जायच्या. घाईत सातही चौकटी आधी उभ्या करून ठेवल्या आणि रात्री वारा सुटला, तर सगळ्या एकापाठोपाठ एक आडव्या होऊ शकतात. पत्ते म्हटलं होतं ना, तसंच. आणि खाली माणसं काम करत असतात.

इमारत ताब्यात आल्यावरही एक नियम पाळायचा: विचारल्याशिवाय काही कापायचं नाही. "या फुलीमुळे गाडी जात नाही, काढून टाक" हे वाक्य शेडच्या मालकांच्या तोंडून फार सहज निघतं. ती फुली दुसऱ्या गाळ्यात हलवता येते, किंवा तिच्याऐवजी दाराएवढी छोटी चौकट बसवता येते. पण ते डिझाईन करणाऱ्याला विचारून.

पीईबी कुठे नको?

प्रत्येक शेड पीईबीच असायला हवी असं नाही. वीस-पंचवीस फूट रुंदीच्या गोठ्याला किंवा ट्रॅक्टरच्या शेडला गावातला फॅब्रिकेटर पाईपच्या कैच्या करून देतो, ते बऱ्याचदा स्वस्त पडतं. पीईबीचा फायदा दिसतो तो मधे खांब नको असलेल्या मोठ्या रुंदीला.

दुसरं, आग. स्टील जळत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला त्याची ताकद साधारण निम्म्यावर येते, आणि पातळ भाग लवकर तापतात. गोण्या, प्लास्टिक, पुठ्ठा भरलेल्या गोदामात हा विचार आधीच करावा लागतो. तिसरं, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याला खारी हवा आहे. तिथे पत्र्याचा लेप आणि रंग निवडताना काटकसर करू नये. आणि चौथं, उन्हाळा. नुसत्या पत्र्याखाली दुपारी उभं राहून बघा. इन्सुलेशन आणि गरम हवा बाहेर काढणारे व्हेंट हे कोटेशनमध्ये "एक्स्ट्रा" म्हणून येतात, पण निवडणीला बसलेल्या बायका दिवसभर त्याच छपराखाली असतात. मामाच्या कागदात ती ओळ आम्ही मुद्दाम वर घेतली.

पार्टीला विचारायचे प्रश्न

हे लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा.

१. डिझाईन कुठल्या कोडप्रमाणे केलंय? लाइव्ह लोड किती धरलाय?
२. माझ्या गावाला वाऱ्याचा वेग किती धरलाय?
३. शेड बंद धरलीय की उघडी? आतल्या दाबाचा आकडा कोणता?
४. पंखे, पाईप, सोलर यांच्यासाठी किती किलो धरलेत?
५. पत्र्याची जाडी टीसीटी की बीएमटी? लेप किती ग्रॅमचा?
६. पायाशी येणारे बल, विशेषतः वर ओढणारं, फाउंडेशनच्या इंजिनिअरला लेखी देणार का?
७. ब्रेसिंग कुठल्या गाळ्यात येणार? माझी दारं तिथेच येत नाहीत ना?

आणि उलट बाजूने, तुम्ही पार्टीला द्यायचं एक पान: आज शेडमध्ये काय होणार, पाच वर्षांनी काय होणार, कुठल्या बाजू उघड्या राहणार, छपराला काय लटकणार. साध्या मराठीत लिहिलं तरी चालेल. ते पान ऑर्डरला जोडा. नंतर एखादा छोटा पोटमाळा किंवा शेजारी लीन-टू काढायचा असेल तर तेही आत्ताच लिहा. आत्ता त्याला थोडं स्टील लागेल, नंतर उभ्या चौकटीला मजबुती द्यायला बरंच जास्त लागतं.

मामाने शेवटी दुसऱ्या पार्टीलाच काम दिलं. पाऊण टन कमी आणि कारखाना जवळ. फाउंडेशन या महिन्यात सुरू होतंय. अँकर बोल्टच्या दिवशी मी सुट्टी टाकून जाणार आहे, टेप घेऊन.

पुढच्या भागात परत आपल्या नेहमीच्या विषयाकडे, डेटाबेसचे बॅकअप. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूच.